दर गुरुवारी पेटणारा दिवा : चेक इंजिनच्या इशाऱ्याचे एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या मामांच्या गाडीचे आहे. गाडी 2014 सालची, पेट्रोलवर चालणारी, 1.8 लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची सेडान. 2025 च्या पावसाळ्यात तिचा काटा 71,000 किलोमीटरच्या थोडा पुढे होता. मामा बँकेतून निवृत्त झालेले असून मुलुंड पूर्वेला राहतात आणि मामींना फिजिओथेरपीसाठी चेंबूरला न्यायचे असते म्हणून सोमवारी आणि गुरुवारी, अशी आठवड्यातून दोनदाच गाडी बाहेर काढतात. एरवी बाजारहाट पायी होतो आणि गाडी सोसायटीच्या आवारात झाकून उभी असते. ही दिनचर्या इतक्या तपशिलाने सांगण्याला कारण आहे. निदानाचा पहिला धागा तिच्यातच होता आणि गाडीला हात लावणाऱ्या कुणीही, मीसुद्धा, तो वेळेवर धरला नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. वर्गात या प्रकरणाचा मला उपयोग होतो, कारण त्यातला बिघाड अगदी क्षुल्लक होता आणि तरीही त्याच्यापर्यंत पोहोचायला अडीच आठवडे आणि दोन बिले लागली.

घटनाक्रम

गुरुवार, 24 जुलै रोजी सकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास गाड्यांच्या रांगेत उभे असताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. मामींनी मला फोन लावून स्पीकरवर धरला.

"अरे, इंजिनाचा दिवा लागलाय. बाजूला घेऊ का?"

"मामा, दिवा लुकलुकतोय की नुसता लागलाय?"

"नुसता लागलाय."

"तापमानाचा काटा कुठे आहे? ऑइलचा लाल दिवा तर नाही ना?"

काटा नेहमीच्या जागी होता आणि लाल दिवा नव्हता. मी त्यांना सावकाश चेंबूरला जाऊन यायला सांगितले. या दोन प्रश्नांपलीकडे त्या क्षणी चालकाने काही ठरवायचे नसते. दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत आहे, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत गाडी मिसिंग मारत आहे, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत आहे, असा अर्थ होतो. त्या उष्णतेने कन्व्हर्टरच्या आतली जाळी वितळू शकते, म्हणून अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका करून सुरक्षित जागा मिळताच थांबावे लागते. स्थिर दिवा इतकी घाई करत नाही. भर पावसात सकाळच्या गर्दीत महामार्गाच्या कडेला गाडी लावून उतरणे हा त्या दिव्यापेक्षा मोठा धोका होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड उडवला, दिवा गेला आणि पाचशे रुपये घेतले. कोणता कोड होता हे बिलावर लिहिलेले नव्हते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट लागले नसेल, असे मात्र सांगण्यात आले. हा सल्ला अमेरिकेतला आहे. तिकडच्या नियमांप्रमाणे टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का हे गाडीला स्वतः तपासावे लागते, त्यामुळे सैल झाकणानेही दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवर बेतलेले आहेत आणि इथल्या बहुतेक गाड्यांत ही गळती मोजण्याची सोयच नसते. मामांनी तरीही आठवडाभर ते झाकण रोज फिरवून पाहिले.

31 जुलैला, पुन्हा गुरुवारी आणि पुन्हा चेंबूरच्या वाटेवर दिवा लागला. या वेळी मामा जरा मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तिथे कोड वाचून बिलावर लिहिला, पी 0171, आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. सेन्सरचे 6,200 आणि मजुरीचे 700 रुपये झाले. जुना सेन्सर मामांनी नव्याच्या खोक्यात घालून परत मागून घेतला. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला व्हाउचरशिवाय पैसे देणे जमत नाही. सोमवार, 4 ऑगस्ट निर्विघ्न पार पडला. गुरुवारी, 7 ऑगस्टला दिवा पुन्हा लागला.

गॅरेजमधून आता इंजेक्टर साफ करण्याचा खर्च सांगण्यात आला आणि त्यानेही न भागल्यास कन्व्हर्टर बदलावा लागेल असे सुचवण्यात आले. शिवाय "हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे सगळ्याच गाड्यांना हा त्रास होतोय" हेही ऐकवले. गणपती 27 ऑगस्टला होते आणि चिपळूणजवळच्या गावी याच गाडीने जायचे ठरले होते. मामा फोनवर म्हणाले, "दत्तगुरूंचा वार धरून पेटतो रे हा दिवा. तूच ये आता." मी हसलो. हसण्याऐवजी तेव्हाच त्यावर विचार केला असता तर बरे झाले असते.

कोड काय सांगतो

भारतात पेट्रोल गाड्यांना ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्सचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः टिपण्याच्या यंत्रणेचा, दुसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल 2013 पासून लागू झाला, त्यामुळे 2014 ची ही गाडी त्यात येते. स्टिअरिंगखाली 16 पिनांचे जे सॉकेट असते तिथे स्कॅनर जोडला की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, आपल्याजवळची नोंद दाखवतो. पी 0171 मधला पी इंजिन आणि गिअरच्या यंत्रणेचा, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक असलेला कोड, 1 म्हणजे हवा आणि इंधन यांच्या मापाचा विभाग. आणि पूर्ण कोडचा अर्थ, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे. या कोडमध्ये कोणत्याही सुट्या भागाचे नाव नाही. ऑक्सिजन सेन्सरने धुरातला ऑक्सिजन मोजून तक्रार केली, एवढाच त्याचा यातला वाटा आहे. तक्रार आणणाऱ्यालाच बदलून टाकले तर नवा माणूस तीच तक्रार घेऊन येतो आणि नेमके तसेच झाले. नव्या सेन्सरनेही तेच सांगितले, म्हणजे जुना खरे बोलत होता. 6,900 रुपये मोजून सिद्ध झालेली या प्रकरणातली पहिली निश्चित गोष्ट हीच.

पुढचे समजण्यासाठी फ्युएल ट्रिम म्हणजे काय ते पाहावे लागेल. साध्या पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. किती हवा आत येते हे मोजून ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि धूर तपासून हिशेब बरोबर आला का ते बघतो. कमी पडले तर काही टक्के वाढवतो, जास्त झाले तर कापतो. क्षणोक्षणी होणारी ही दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती वारंवार लागते असे दिसले की तो ती कायमच्या खात्यात टाकतो, ती लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे 10 टक्क्यांच्या आत असावी. ती बरीच वर गेली आणि तिथेच राहिली की पी 0171 नोंदवला जातो.

रविवार, 10 ऑगस्ट

मुलुंडला जाताना मी फोनला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनर, मल्टिमीटर, टॉर्च, दांड्यावरचा लहान आरसा आणि नळीचा दोन फुटी तुकडा घेतला. असा स्कॅनर लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो. दिवा अजून लागलेला होता आणि मामांनी या वेळी कुणालाही कोड उडवू दिला नव्हता, ही मोठी अनुकूल गोष्ट होती. कोड उडवला किंवा बॅटरीची वायर काढली की त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. दिवा लावणारा दोष नोंदवताना इंजिन कोणत्या अवस्थेत होते याचे ते छायाचित्रच असते. पहिल्या दोन्ही वेळा ते पुसले गेले होते.

या वेळच्या फ्रीझ फ्रेममध्ये गाडीचा वेग शून्य, इंजिनाचे मिनिटाला फेरे 690, पाण्याचे तापमान 91 अंश, लाँग टर्म ट्रिम अधिक 21.9 आणि शॉर्ट टर्म अधिक 9.4 असे आकडे होते. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेले, गाडी रांगेत किंवा सिग्नलला उभी आणि पेट्रोल हिशेबापेक्षा 31 टक्के जास्त सोडावे लागत होते.

गाडी चालू करून तापू दिली आणि तेच आकडे प्रत्यक्ष पाहिले. उभ्या गाडीत बेरीज 31 च्या आसपासच होती. मामांना ॲक्सिलरेटर दाबून फेरे 2,500 वर धरायला सांगितले, तेव्हा लाँग टर्म 7.8 आणि शॉर्ट टर्म 3.9 झाली, बेरीज 12 पेक्षा किंचित कमी. पाय काढला की पुन्हा 31. हे तीनदा करून पाहिले.

या दोन आकड्यांमधल्या फरकातच सारे निदान आहे, म्हणून इथे जरा थांबतो. या गाडीत आत येणारी हवा वजनाने मोजणारा एमएएफ सेन्सर आहे. उभ्या गाडीत तो सेकंदाला 1.9 ग्रॅम हवा दाखवत होता आणि 2,500 फेऱ्यांना 7 ग्रॅम. समजा, सेन्सरच्या पुढे कुठेतरी भोक आहे आणि तिथून सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा न मोजता आत शिरते. उभ्या गाडीत 1.9 वर अर्धा ग्रॅम म्हणजे 26 टक्के. 7 ग्रॅमवर तोच अर्धा ग्रॅम म्हणजे 7 टक्के. चोर तेवढाच, पण लहान घरात त्याचा फटका मोठा. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, मिटलेला असतो तोवर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे त्याच्यापुढे सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांत, इतकी पोकळी असते की भोकातून येणारी हवा ध्वनीच्या वेगाला टेकते आणि त्यापुढे वाढत नाही, म्हणून दोन्ही वेळा ती जवळपास सारखीच धरता येते.

उलट, पेट्रोलचा पंप थकला असता किंवा इंजेक्टर चोंदले असते तर उभ्या गाडीत कदाचित काहीच दिसले नसते आणि जोर लावला की ट्रिम चढली असती. एमएएफ मळला असता तरीही साधारणपणे जास्त हवेला चूक वाढली असती. इथे सारे नेमके उलटे होते, त्यामुळे इंजेक्टर साफ करण्याचे काम तिथेच बाद झाले. इथेनॉलचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवण्यासारखा नाही. 2025 पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर नेले गेले. अशा पेट्रोलला हवा कमी लागते, एका ग्रॅमला 13.5 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावे लागते आणि जुन्या गाडीची मूळ आखणी किती इथेनॉल धरून झाली होती त्याप्रमाणे ट्रिम 4 ते 9 टक्क्यांनी वर राहते. पण ही वाढ प्रमाणात होते. ती उभ्या गाडीत जितके टक्के, तितकेच टक्के 2,500 फेऱ्यांना दिसली पाहिजे. 31 आणि 12 यांतला फरक इथेनॉलला पाडता येत नाही. दोन्हींच्या तळाशी असलेले पाचेक टक्के त्याचे असू शकतात, हे मी तेव्हा कागदावर लिहून ठेवले.

एक इशारा इथेच द्यायला हवा. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत एमएएफ नसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे भोकातून आलेल्या हवेने दाब वाढतो, तो सेन्सरला दिसतो आणि पेट्रोलही वाढते, त्यामुळे फेरे चढलेले दिसतात पण ट्रिम फारशी हलत नाही. वरचे गणित अशा गाडीला लावले तर भलतेच उत्तर येईल. बॉनेट उघडल्यावर एअर फिल्टरच्या पेटीपुढच्या नळीवर सेन्सर आहे का, हे मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी पाहायला लावतो.

भोक कुठे?

माझी पहिली चाळीस मिनिटे वाया गेली. एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांमधल्या जाड नळीची क्लिप सैल होती. दुसऱ्या गॅरेजने काम करताना ती नळी काढली असावी. गुन्हेगार सापडला असे समजून मी ती काढली, पुसली, नीट बसवून आवळली. ट्रिम जागची हलली नाही. मामांनी खुर्ची आणून सावलीत मांडली होती, तीवर बसून ते म्हणाले, "म्हणजे तुझाही अंदाजच होता." बोलणे खरे होते. क्लिप सैल दिसली म्हणून मी तिच्यामागे गेलो. आकड्यांनी तिच्याकडे बोट दाखवलेले नव्हते.

दुसरा संशयित मामांनीच पुरवला. बॉनेटखाली कापडात बांधलेली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी टांगलेली होती. उंदीर येऊ नयेत म्हणून आमच्या इकडे पुष्कळ सोसायट्यांत हा उपाय चालतो आणि पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात शिरतात ही तक्रारही खोटी नाही. वायरी आणि नळ्या टॉर्च मारून तपासल्या. दातांची खूण कुठेही नव्हती. उंदराची निर्दोष सुटका झाली.

मग नळीचा तुकडा कानाला लावून दुसरे टोक मॅनिफोल्डभोवती फिरवले. पट्ट्याच्या आणि पंख्याच्या आवाजाने उघड्या कानाला काही ऐकू येत नव्हते, पण नळी मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याकडे नेल्यावर बारीक, सलग फुसफुस ऐकू आली. मोठ्या वर्कशॉपमध्ये याच कामासाठी धुराचे यंत्र असते. मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की गळतीच्या जागी तो बाहेर पडतो. काही मेकॅनिक कार्ब्युरेटर क्लीनरची फवारणी करतात, काही उदबत्ती धरतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ज्वालाग्राही फवारा किंवा पेट्रोलच्या यंत्रणेजवळ विस्तव, हे दोन्ही मी वर्गात करू देत नाही.

आवाज पीसीव्ही व्हॉल्व्हच्या नळीपाशी होता. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत उतरतो. तो बाहेर न सोडता पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ओढून जाळण्यासाठी ही नळी असते. व्हॉल्व्हपाशी ती काटकोनात वळते आणि पुढे बोटाएवढ्या जाडीची सरळ नळी मॅनिफोल्डला जाते. वरून ती अगदी धडधाकट दिसत होती. आरसा खाली धरून वळणाच्या पोटाकडे पाहिले, तर रबर काळपट, तेलकट आणि फुगलेले होते. अंगठ्याने दाबले तर भिजलेल्या भाकरीसारखे दबले. तिथे सुमारे 8 मिलिमीटर लांबीची चीर होती. इंजिन बंद असताना चिरेचे ओठ मिटलेले असत. चालू केले की नळी पोकळीने आत ओढली जाई आणि चीर किंचित उघडे. दोन गॅरेजनी बॉनेट उघडून, इंजिन बंद ठेवून नजर टाकली असेल तर त्यांना ती दिसणे शक्यच नव्हते.

संशय आणि पुरावा यांत फरक राहू नये म्हणून चीर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधली सरळ नळी फडक्यात धरून पकडीने हलकेच चिमटली. फुसफुस थांबली, इंजिन क्षणभर अडखळले आणि फोनवरची शॉर्ट टर्म ट्रिम 9.4 वरून उतरत उतरत काही सेकंदांत उणे 16.4 वर येऊन थांबली. लाँग टर्म अजून 21.9 होती. बेरीज साडेपाच. मामांनी फोन हातात घेऊन पकड सोडायला सांगितले, आकडा वर गेला. पुन्हा चिमटायला सांगितले, खाली आला. चौथ्या वेळी मी पकड त्यांच्याच हातात दिली.

यावर एक आक्षेप निघू शकतो. नळी चिमटल्याने क्रँककेसमधून येणारी नेहमीची हवाही थांबली, मग ट्रिम त्यामुळेच उतरली नसेल कशावरून? त्या मार्गातली ताजी हवा एमएएफच्या पुढच्या नळीतून, म्हणजे मोजून झाल्यानंतर क्रँककेसमध्ये जाते. ती आधीच हिशेबात असते. ती थांबवल्याने हिशेब बिघडत नाही आणि सुधारतही नाही. उतरलेले सगळे टक्के चिरेचे होते. त्या दाबाला सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा आत यायला 3 चौरस मिलिमीटरचे छिद्र पुरते, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर व्यासाचे. चिरेचे उघडलेले तोंड तेवढेच असावे.

गुरुवारच का

पी 0171 चा दिवा पहिल्या चुकीला लागत नाही. एका फेरीत दोष दिसला तर ईसीएम तो प्रलंबित म्हणून टिपून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा लावतो. शिवाय कोड उडवला की लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते आणि ती पुन्हा चढायला वेळ लागतो. शुक्रवारी कोड उडवला जाई. सोमवारी चेंबूरला जाता-येता ट्रिम चढत जाई आणि परतीच्या गर्दीत कधीतरी मर्यादा ओलांडून प्रलंबित नोंद होई. गुरुवारी जाताना पहिल्याच मोठ्या रांगेत दुसऱ्यांदा तेच दिसे आणि दिवा लागे. सोमवारची नोंद कुणी पाहिलेली नाही, त्यामुळे हे माझे अनुमान आहे, पण पहिले दोन्ही उपाय "लागू पडले" असे सहा दिवस का वाटले, याचा उलगडा त्यानेच होतो. सोमवारी संध्याकाळी कुणी स्कॅनर लावला असता तर कोड प्रलंबित यादीत बसलेला सापडला असता आणि सेन्सर बदलून काहीही झालेले नाही हे तीन दिवस आधी कळले असते.

दुसऱ्या गॅरेजला मी लबाड म्हणणार नाही. त्यांचा स्कॅनर माझ्यापेक्षा चांगला असणार आणि हेच आकडे त्यावरही दिसले असते. पण नळी कानाला लावून दोन तास शोधण्याचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही, "नुसते बघायचे कसले पैसे?" हा प्रश्न मीही लोकांकडून ऐकला आहे. सुटा भाग विकला की बिल होते. मामांचे पीयूसी प्रमाणपत्रही वैध होते आणि त्यात विसंगती नव्हती, कारण ईसीएम पेट्रोल वाढवून मिश्रण जुळवून घेत होता. धूर शेवटी बराचसा ठीकच बाहेर पडत होता. कन्व्हर्टरबद्दल विचाराल तर त्याच्या कार्यक्षमतेचा पी 0420 हा कोड एकदाही आला नव्हता आणि कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज 0.6 ते 0.7 च्या दरम्यान शांत होता. तो बदलायला काही आधारच नव्हता.

दुरुस्ती आणि नंतर

सोमवारी मामींना टॅक्सीने नेले. मूळ कंपनीची काटकोनी नळी ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात 340 रुपयांना मिळाली. घराजवळच्या दुकानात साधी पाण्याची नळी कापून द्यायला तयार होते, ती घेतली नाही. रेडिएटरच्या पाण्याला चालणारे रबर तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडते, म्हणजे तीच चीर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा. मंगळवारी, 12 ऑगस्टला नळी बसवली आणि व्हॉल्व्ह हलवून आत गोळी खुळखुळते का, अडकलेली नाही ना, तेही पाहिले.

कोड मी मुद्दाम उडवला नाही. दुरुस्ती खरी असेल तर ईसीएमने ते स्वतः कबूल करावे, अशी माझी पद्धत आहे. त्या संध्याकाळी मुलुंड ते चेंबूर एक फेरी मारली. निघताना लाँग टर्म 21.9 होती आणि शॉर्ट टर्म उणे 16 च्या आसपास. कांजूरमार्ग येईतो लाँग टर्म 14 वर आली, छेडानगरपाशी 8 वर, आणि घरी परतलो तेव्हा उभ्या गाडीत 4.7 आणि 2,500 फेऱ्यांना 3.9. दोन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणजे कागदावर लिहून ठेवलेला इथेनॉलचा वाटा हाच असावा. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो, पण मिश्रणाच्या दोषासाठी त्या फेऱ्या दोष दिसला तशाच परिस्थितीत व्हाव्या लागतात. उभी रांग मिळावी लागते. मुंबईत त्याची वाण पडत नाही. गुरुवारी, 14 ऑगस्टला सकाळी दिवा होता. शनिवारी मामांनी मुद्दाम काढलेल्या फेरीत, घाटकोपरच्या सिग्नलला, तो गेला.

गणपतीला गाडी चिपळूणला जाऊन आली. परतल्यावर मी पुन्हा स्कॅनर लावला. प्रलंबित यादी रिकामी होती, ट्रिम साडेचार टक्क्यांच्या आसपास होती आणि पी 0171 मात्र जुन्या नोंदींत अजून दिसत होता. इंजिन 40 वेळा थंडावून पुन्हा तापेपर्यंत तो तसाच राहतो.

"मग पुसून टाक ना," मामा म्हणाले.

"मामा, आठवड्यात तुमच्या चार वेळा गाडी चालू होते. दिवाळीच्या सुमारास आपोआप जाईल."

त्यांनी वहीत तारीख, किलोमीटर आणि कोड लिहून घेतला. जुना सेन्सर अजून डिकीत आहे, खोक्यावर मामांच्या अक्षरात "चालू स्थितीत" असे लिहिलेले. तंबाखूची पुरचुंडीही जागेवरच आहे. मामींनी ती काढू दिली नाही.